किडलेल्या दाताचे भरण आणि जंतुरोधक अब्जांश कण

दाताला पडलेले छिद्र भरून घेतले की कीड संपली, असा सर्वसाधारण समज आहे. दंतवैद्यांचा अनुभव मात्र निराळा आहे. भरलेला दात काही वर्षांनी पुन्हा ठणकू लागतो, भरलेले द्रव्य निखळते किंवा त्याच्या कडेने काळी रेघ उमटते, आणि उकरून पाहिले असता भरणाच्या खालीच नवी कीड लागलेली आढळते. तिला दुय्यम कीड असे म्हणतात. एकदा भरलेले दात पुन्हा भरावे लागण्याची जी कारणे जगभर नोंदली गेली आहेत, त्यांत या दुय्यम किडीचा क्रमांक वरचा आहे.

शहरातील रुग्णाच्या दृष्टीने दुय्यम कीड म्हणजे दवाखान्याची आणखी एक फेरी. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तिचा अर्थ पुष्कळदा दात गमावणे असा होतो. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि तीपैकी शेकडा ८५ लोक खेड्यांत राहत होते. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांतील शेतमजुराला दात दाखविण्यासाठी दिवसाचा रोजगार बुडवून तालुक्याच्या गावी जावे लागते. एक फेरी तो कशीबशी करतो. दुसऱ्या फेरीपर्यंत दुखणे थांबलेले असते, सोयाबीनची काढणी आलेली असते, किंवा कुटुंब कामासाठी परजिल्ह्यात गेलेले असते. दुखणे पुन्हा असह्य झाले म्हणजे तो दात काढूनच टाकण्यास सांगतो. म्हणून दातात एकदा भरलेले द्रव्य अधिक काळ टिकावे आणि त्याने स्वतःच जंतूंना रोखून धरावे, ही गोष्ट खेड्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. गेल्या सुमारे दोन दशकांत जगातील अनेक प्रयोगशाळांनी या प्रश्नाकडे लक्ष पुरविले असून अब्जांश कणांचे, म्हणजेच नॅनो कणांचे, साहाय्य घेतले आहे.

कीड म्हणजे किडा नव्हे

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. दातात किडा असतो आणि तो काढता येतो, ही समजूत अजून पूर्णपणे गेलेली नाही. बाजारच्या दिवशी रुग्णाच्या तोंडातून 'किडा' काढून दाखविणारे लोकही आढळतात. तो हातचलाखीचा प्रकार होय. दाताची कीड ही प्रत्यक्षात आम्लाने झालेली झीज असते.

तोंडात अनेक प्रकारचे जीवाणू कायम वस्तीला असतात. त्यांपैकी स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या जीवाणूचे वर्णन लंडन येथील क्लार्क या संशोधकाने १९२४ मध्ये किडलेल्या दातांच्या अभ्यासातून प्रथम केले. हा जीवाणू साखरेपासून एक चिकट थर तयार करून दातावर घट्ट बसतो आणि त्याच साखरेचे लॅक्टिक आम्ल बनवितो. दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे. विरजण दुधात जे करते, जवळपास तेच हे जीवाणू दातावरील अन्नकणांत करीत असतात. तोंडातील सामू ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कठीण कवचातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हळूहळू ही आम्लता कमी करते आणि गेलेली खनिजे काही अंशी परत देते. परंतु दिवसभरात वरचेवर गोळ्या, बिस्किटे व गोड चहा चालू राहिला तर लाळेला ती संधी मिळत नाही. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली हे येथे अधिक महत्त्वाचे ठरते. शिक्षकांनी ही एक गोष्ट जरी विद्यार्थ्यांना समजावून दिली तरी पुष्कळ काम होईल.

हा रोग क्षुल्लक मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुखआरोग्यविषयक अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना मुखाचा कोणता ना कोणता विकार असून त्यांपैकी सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांत उपचाराविना राहिलेली कीड आहे.

चांदी, सिमेंट आणि दाताच्या रंगाचे भरण

दंतवैद्याकडे जाऊन आलेला ग्रामीण माणूस 'दाढेत चांदी भरली' किंवा 'सिमेंट भरले' असे म्हणतो. ही दोन्ही नावे बरीचशी यथार्थ आहेत. चांदी म्हणजे चांदी, कथील, तांबे इत्यादी धातूंची भुकटी पाऱ्यात कालवून केलेले मिश्रण. वजनाने त्यात निम्मा पारा असतो. हे भरण चिवट व स्वस्त आहे आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ त्याने जगाची सेवा केली आहे. परंतु पाऱ्याचे पर्यावरणावर होणारे दुष्परिणाम लक्षात घेऊन २०१३ मध्ये मिनामाता करार झाला व भारताने २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. या करारातील देशांनी २०२२ मध्ये १५ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्या दातांत पाऱ्याचे भरण टाळण्याच्या दृष्टीने आणखी पुढचे पाऊल टाकले. चांदीचे युग मावळत आहे, हे आता स्पष्ट झाले आहे.

तिची जागा शहरांत दाताच्या रंगाच्या भरणाने, म्हणजे काँपोझिटने घेतली. अमेरिकेतील राफेल बोवेन यांनी १९६० च्या सुमारास शोधलेल्या राळेवर ते आधारलेले आहे. राळेत काचेची बारीक पूड मिसळलेली असते आणि निळ्या प्रकाशाचा झोत टाकताच ती घट्ट होते. दिसण्यात हे भरण उत्तम असते. मात्र घट्ट होताना ते शेकडा दोन-तीन इतके आकसते आणि दात व भरण यांच्यामध्ये केसाहून कितीतरी बारीक फट राहण्याचा संभव असतो. जीवाणूंना शिरावयास तेवढी फट पुरेशी असते. शिवाय चांदीच्या तुलनेत या भरणावर जीवाणूंचा थर अधिक जमतो, असे आढळून आले आहे. म्हणजे ज्या भरणाकडे आता सर्वत्र वळावे लागत आहे, त्याचीच जंतूंपुढील बाजू लंगडी आहे. अब्जांश कणांच्या संशोधनाचे मूळ येथे आहे.

दीड एकराचे गणित

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी स्थूलमानाने ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते, तर दात किडविणारा जीवाणू पाचशे ते हजार नॅनोमीटरच्या घरात असतो. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांस अब्जांश कण म्हणतात. जीवाणूच्या शेजारी असा कण म्हणजे बैलगाडीशेजारी ज्वारीचा दाणा. (औंढा नागनाथ तालुक्यात उभारण्यात येत असलेल्या लायगो-इंडिया प्रकल्पात तर प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी लहान अंतरातील फरक मोजला जावयाचा आहे. त्या मानाने अब्जांश कण अवाढव्यच म्हणावा लागेल.)

एखादा पदार्थ इतका बारीक केल्याने काय साधते, हे साध्या हिशेबाने कळू शकते. एक सेंटीमीटर लांबी, रुंदी व उंची असलेला चांदीचा ठोकळा घेतला तर त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ ६ चौरस सेंटीमीटर भरते. तोच ठोकळा एक-एक नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत विभागता आला तर सर्वांचे एकत्रित पृष्ठफळ ६ हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होईल. चांदी तेवढीच, पण तिला जीवाणूंशी गाठ पडण्यासाठी दीड एकराचे रान मिळाले. त्यामुळे अत्यल्प चांदीही परिणामकारक ठरते. बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी वापरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. चांदीचा जंतुनाशक गुण जुन्या काळापासून माणसाच्या परिचयाचा असून आधुनिक विज्ञानाने त्याचे कारण शोधले. चांदीचे विद्युत्भारित अणू जीवाणूच्या बाह्य आवरणाला भोके पाडतात, त्याच्या पेशीतील प्रथिनांना जखडतात आणि त्याच्या वाढीस आवश्यक असलेल्या क्रिया बंद पाडतात.

या क्षेत्रात महाराष्ट्रही मागे राहिलेला नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर यांच्या मार्गदर्शनाखाली चांदीच्या अब्जांश कणांवर काम झाले आणि त्यातून भाजलेल्या व इतर जखमांवर लावावयाचे जेल तयार झाले. जखमेवर उपयोगी पडणारे तत्त्व दातातील भरणात वापरता येईल काय, हा प्रश्न त्यानंतर स्वाभाविकच उपस्थित होतो.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी अनेक वाटा चोखाळण्यात आल्या. चांदीखेरीज झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी, अब्जांश रूपात राळेत मिसळण्यात आली. लवंग तेलात जस्ताची भुकटी कालवून तात्पुरते भरण करण्याची दंतवैद्यांची रीत जुनीच आहे. कोळंबी व खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसॅनचे कणही वापरून पाहण्यात आले. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी वेगळी युक्ती योजिली. त्यांनी जंतुनाशक रेणूच कणात असे बांधून टाकले की ते भरणातून बाहेर न झिरपता त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसणाऱ्या जीवाणूला स्पर्शानेच मारतात. ही युक्ती अधिक दूरदर्शी वाटते. कारण जे भरण औषध सोडून जंतू मारते, त्याचा साठा केव्हातरी संपतो, आणि औषध निघून गेल्यावर भरण आतून सच्छिद्र होण्याची भीतीही असते.

अडचणी

प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत जीवाणू मरणे आणि माणसाच्या तोंडात दहा वर्षे भरण टिकणे यांत फार अंतर आहे. चांदीचे कण प्रमाणाबाहेर मिसळले तर दाताच्या रंगाचे भरण करडे पडते. कण अधिक झाले म्हणजे निळा प्रकाश खोलवर पोहोचत नाही आणि भरण तळाशी कच्चे राहते. कण एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले, तर त्याच जागी भरण फुटते. दाढेला जेवताना जो दाब सोसावा लागतो तो लक्षात घेता जंतू मारणारे पण भाकरी चावताना तुटणारे भरण कोणाच्याच कामाचे नाही. त्याशिवाय लाळेचा पातळ थर काही क्षणांतच भरणावर चढतो आणि स्पर्शाने मारणारा कण त्याखाली झाकला जातो. गिळल्या जाणाऱ्या कणांचा शरीरावर दीर्घकाळात काय परिणाम होतो आणि जीवाणू चांदीलाही दाद देईनासे होतील काय, यांचाही विचार व्हावा लागतो. म्हणून या संशोधनाचा फार मोठा भाग आजही प्रयोगशाळेतच आहे. भारतात अशी साधने वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ अन्वये परवानगी घेऊनच बाजारात आणावी लागतात. केवळ वेष्टनावर 'नॅनो' असा शब्द छापलेला पाहून भुलण्याचे कारण नाही. काचेची पूड अतिशय बारीक केली म्हणूनही काही भरणांना ते विशेषण लावले जाते. ते भरण चकाकते अधिक, परंतु त्यामुळे ते जंतुरोधक ठरत नाही.

वसमतची हळद प्रयोगशाळेत

या संशोधनाचा एक धागा हिंगोली जिल्ह्याच्या शिवारापर्यंत येऊन पोहोचतो. वसमतची बाजारपेठ हळदीसाठी प्रसिद्ध असून वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शासनाने वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही मंजूर केले आहे. हळदीला पिवळा रंग देणारे कुर्क्युमिन हे द्रव्य जंतुरोधक आहे. मात्र ते पाण्यात विरघळत नाही आणि त्यामुळे लवकर वाया जाते. अब्जांश रूपात आणल्यास ते पाण्यात सहज मिसळते. दुसरे असे की, निळा प्रकाश पडताच कुर्क्युमिन उत्तेजित होऊन प्राणवायूचे अतिशय क्रियाशील रूप निर्माण करते व त्यामुळे भोवतालचे जीवाणू नष्ट होतात. काँपोझिट घट्ट करण्यासाठी दंतवैद्याच्या हाती असलेला दिवाही निळ्याच प्रकाशाचा असतो. भरण करण्यापूर्वी छिद्रात कुर्क्युमिन लावून निळ्या प्रकाशाने ते जंतुरहित करावे, किंवा दात आणि भरण यांना जोडणाऱ्या द्रव्यातच त्याचे कण मिसळावेत, अशा दिशेने निरनिराळ्या देशांत प्रयोग झाले आहेत. रंग ही त्यातील अडचण आहे. पिवळा दात कोणाला आवडेल?

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. वरील प्रयोगांत शुद्ध केलेले, मोजून घेतलेले कुर्क्युमिन वापरलेले असते. हळदीच्या पुडीत त्याचे प्रमाण शेकडा दोन ते पाच एवढेच असते. किडलेल्या दाढेत हळद दाबून भरल्याने कीड थांबत नाही, तर उपचारास उशीर मात्र होतो. लवंग तेलाने ठणका काही काळ कमी होतो हे खरे, पण ठणका थांबला म्हणजे रोग थांबला असे नाही.

आज हाताशी असलेली साधने

उद्याचे भरण येईपर्यंत आजच्या रुग्णाने थांबून राहावे असे नाही. ग्रामीण भागाला सोयीची दोन साधने उपलब्ध आहेत आणि दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट केली आहेत.

त्यांतील पहिले म्हणजे ग्लास आयनोमर सिमेंट. इंग्लंडमधील विल्सन व केंट यांनी १९७२ मध्ये त्याचा शोध प्रसिद्ध केला. काचेची विशिष्ट भुकटी आणि एक सौम्य आम्ल कालवले की काही मिनिटांत ते घट्ट होते, दाताला रासायनिक रीतीने चिकटते आणि फ्लोराइड हळूहळू सोडत राहते. दात घासताना टूथपेस्टमधील फ्लोराइड ते पुन्हा शोषून घेते. म्हणजे जंतू व झीज यांना रोखण्याचा गुण काही अंशी या सिमेंटमध्ये अगोदरपासूनच आहे. ते काँपोझिटइतके मजबूत नसते ही त्याची उणीव असून ती दूर करण्यासाठी त्यातही अब्जांश कण मिसळून पाहिले जात आहेत. १९८० नंतरच्या दशकात टांझानियात या सिमेंटच्या आधारे एक पद्धत विकसित झाली. दाताचा मऊ झालेला भाग केवळ हाताच्या अवजारांनी खरवडून काढावयाचा आणि लगेच सिमेंट भरावयाचे. तिला वीज लागत नाही, दात कोरणारे यंत्र लागत नाही आणि बहुधा भुलीची सुईही लागत नाही. मुखआरोग्य हा विषय असलेल्या १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी संघटनेने तिचा पुरस्कार केला. शाळेच्या ओसरीत टेबलावर विद्यार्थ्याला झोपवून दंतवैद्य या पद्धतीने दात भरू शकतो.

दुसरे साधन म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे चांदी व फ्लोराइड यांचे द्रावण. जपानमध्ये ते १९७० च्या सुमारास वापरात आले. किडलेल्या जागी वर्षातून दोनदा त्याचा थेंब लावला असता पुष्कळशा दातांतील कीड जागीच थांबते. त्याचा दोष डोळ्यांना दिसणारा आहे. किडलेला भाग कायमचा काळा होतो. समोरचे दात असतील तर आईवडील नाराज होतात, आणि मुलीच्या बाबतीत तर विशेषच. ही नाराजी अज्ञानाची म्हणून झटकून टाकण्याजोगी नव्हे. लावण्यापूर्वीच पालकांना स्पष्ट सांगून संमती घेणे आवश्यक असते.

अब्जांश कणांचा माणसांवर पडताळलेला एक उपयोग नेमका याच ठिकाणी दिसतो. ब्राझीलमधील संशोधकांनी चांदीचे अब्जांश कण, कायटोसॅन आणि फ्लोराइड यांचे द्रावण शाळकरी मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दातांवर लावून पाहिले व २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकदाच लावलेल्या या द्रावणाने एक वर्षानंतर सुमारे दोन-तृतीयांश दातांतील कीड थांबलेली आढळली. ज्या दातांवर ते लावले नव्हते त्यांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास होते. विशेष म्हणजे दात काळे झाले नाहीत. एका प्रयोगावरून धोरण ठरत नसते. तथापि शाळेत वर्षातून एकच फेरी शक्य असते अशा प्रदेशाला हा मार्ग उपयुक्त ठरू शकेल.

सहाव्या वर्षाची दाढ

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याअन्वये आरोग्य पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करतात. तपासावयाच्या विकारांत दातांच्या विकारांचा समावेश आहे. हिंगोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्याच्या वैद्यकीय सोयींत भर पडली आहे. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे.

पथक येते त्या दिवशी शिक्षकांनी पहिली व दुसरीच्या वर्गांकडे अधिक लक्ष पुरविणे इष्ट होय. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्व दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. दुधाचा एकही दात न पडता ती येत असल्याने पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि 'पडेल तेव्हा पडेल' म्हणून किडू देतात. ती पुन्हा येत नाही. तिच्या पृष्ठभागावरील खाचा खोल असल्याने ती लवकर किडते. याच वयात त्या खाचा सिमेंटने बुजविल्या तर पुढे मोठे भरण करण्याची वेळ टळू शकते.

पथकाने पुढील उपचारासाठी पाठविलेली मुले प्रत्यक्षात दवाखान्यापर्यंत पोहोचतात की नाही, हा यातील सर्वांत कच्चा दुवा आहे. चिठ्ठी दप्तरात राहते. ग्रामपंचायतीस व गावच्या आरोग्य समितीस येथे बरेच करता येण्याजोगे आहे. चिठ्ठी मिळालेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून घेणे, आशा स्वयंसेविकेमार्फत त्यांच्या घरी निरोप देणे, आणि सर्वांना एकाच ठरलेल्या दिवशी एका वाहनाने ग्रामीण रुग्णालयात नेणे, यास फारसा खर्च येत नाही. जी कुटुंबे दिवाळीनंतर बाहेरगावी जातात, त्यांच्या मुलांची नावे यादीत अगोदर घ्यावी लागतील. भरण केल्याचा महिना शाळेच्या आरोग्य नोंदवहीत लिहून ठेवला, तर पुढील वर्षी येणाऱ्या पथकाला तोच दात पुन्हा पाहता येईल आणि भरणाच्या कडेला रेघ उमटली आहे काय, हे वेळीच कळेल.